एकशे सत्तेचाळीस

फहाहीलच्या त्या चौथ्या मजल्यावर
दर शुक्रवारी, बिरडं वाढून होईतो
टेंबुलकर आकडा सांगायचे.

कुणी म्हणावं, बाहेर पारा पन्नासला टेकलाय,
की ते : माझा एकशे सत्तेचाळीस.
कुणी भाडं वाढल्याचं रडगाणं लावावं,
कुणी मुलीचे गणितातले मार्क सांगावेत,
आकडा ऐकला की त्यांना आकडा यायचा
जांभई बघून जांभई यावी तसा.

प्रमाणपत्र हॉलमध्ये, एसीच्या बरोबर खाली.
सोनेरी चौकट, गोल शिक्का,
आणि पाणी ठिबकून ठिबकून
एका कोपऱ्यात उमटलेला
कुठल्याच देशाचा नसलेला नकाशा.

"हजारात एक," ते म्हणायचे,
आणि आम्ही बसलेले सात जण
उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांत
आपापली जागा शोधत
ताक प्यायचो.
वहिनी तेवढ्यात आत जायच्या, मीठ आणायला.
मीठ टेबलावरच असायचं.

खाली हारिस, अब्दुल मोअती, मिनियाकडचा.
शाळा पाहिली नाही म्हणतो,
पण अठ्ठावीस बिऱ्हाडांच्या गाड्यांचे नंबर तोंडपाठ.
इथे कविता त्याच्याकडे वळणार होती.
मी वळू दिली नाही.
तोही सांगत सुटतो ना येणाऱ्या-जाणाऱ्याला,
सगळे नंबर तोंडपाठ आहेत म्हणून.

एप्रिलमध्ये टेंबुलकरांना पत्र आलं.
पत्रात त्यांचा बारा आकडी सिव्हिल आयडी होता,
इकाम्याची मुदत, शिल्लक रजा,
देणं निघणारे दिनार, पार फिल्सपर्यंत.
तीन आकडी
काही नव्हतं.

सामान बांधायला मी गेलो.
वजनकाटा हॉलच्या मधोमध.
बॅग छातीशी धरून ते काट्यावर चढायचे,
स्वतःचं वजन वजा करायचे,
तोंडी, झटकन, एकदाही न चुकता.
(बुद्धी होतीच हो.
नाही कोण म्हणालं होतं?)
तेवीसला दीड किलो जास्त.
कुकर काढला.
वहिनींनी तो परत घातला, काही न बोलता.
मग चौकट निघाली.
"तुझ्याकडे राहू दे," म्हणाले,
"पाठव कुणाबरोबर तरी. घाई नाही."

अति शहाणा, त्याचा बैल रिकामा, म्हणतात.
इथे बैल कुठला.
मशिदीमागच्या मोकळ्या जागेत
त्यांची पांढरी पजेरो उभी आहे, धुळीने खाकी,
मागच्या काचेवर कुणीतरी बोटाने
स्वतःचा फोन नंबर लिहून गेलाय :
विकायची असल्यास.

चौकट माझ्या बुटांच्या कपाटामागे.
एका रात्री धुळीचं वादळ आलं,
खिडकीच्या फटींत ओले टॉवेल कोंबून झाले,
झोप येईना.
मी फोनवर ती परीक्षा दिली.
चाळीस प्रश्न.
त्रिकोण फिरतो, ठिपका उडी मारतो,
पुढे काय येईल ते सांगा.
पुढे काय येईल
हे सोळा वर्षं इथे राहून
मला एकदाही सांगता आलेलं नाही.

एकशे नऊ.

पुन्हा दिली. एकशे नऊच.
बायको कुशीवर वळली, म्हणाली, कुणाचा मेसेज?
म्हटलं, कंपनीचा.

परवा दाताच्या डॉक्टरकडे
शेजारच्या केरळी गृहस्थांनी
मुलाच्या हुशारीचं काढलं.
पाचवीत आहे, सारखा पहिला येतो वगैरे.
मी नीट ऐकत होतो.
मला खरंच काही सांगायचं नव्हतं.

"माझा एकशे एकोणीस," मी म्हणालो.

त्यांनी चश्म्यावरून पाहिलं.
आवाज एकदम मायेचा झाला.
"साखर?
उपाशीपोटी?"

हो, म्हणालो.
उपाशीपोटी.